ढलाईच्या दिवशी आम्ही बसलो

भिलाईला आले तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते आणि विड्या वळण्यापलीकडे मला कोणतंच काम येत नव्हतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात घरोघर विड्या वळल्या जायच्या. संध्याकाळी कारखानदाराचा माणूस यायचा आणि वळलेल्या विड्यांतल्या मूठ-दोन मूठ ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. छाट म्हणजे खराब निघालेल्या. त्यांची मजुरी मिळायची नाही, पण त्या विड्या तो टाकूनही द्यायचा नाही, वेगळ्या पिशवीत घालून घेऊन जायचा. लहानपणापासून हे पाहत आले होते आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

माझा नवरा माझ्याआधी सात-आठ महिने भिलाईला गेला होता. त्याचा चुलतभाऊ दुर्गच्या लाइनीवर रेल्वेत गँगमन होता. तिकडे लोखंडाचा मोठा कारखाना उभा राहतो आहे, उभ्या माणसाला काम मिळतं, असं त्यानं कळवलं. नवरा गेला आणि खलासी झाला. दोरखंड आणि कप्प्या लावून लोखंडाचे मोठमोठे भाग वर चढवायचे, ते त्याचं काम. मग त्यानं मला बोलावून घेतलं.

गाडीतून उतरले आणि पाहतच राहिले. लाल मुरमाचं माळरान दिसेल तिथपर्यंत पसरलेलं, आणि त्या माळावर जिकडे तिकडे माणसं. तेलुगू बोलणारी, पंजाबी बोलणारी, ओडिया, बंगाली, मल्याळी. क्रेनच्या माना ढगांत गेलेल्या. खड्डे इतके खोल, की त्यांत आमचं गाव मावलं असतं. दिवसभर भोंगे वाजत, ट्रक धावत, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाची धूळ असे. कोण कुठल्या जातीचा ते त्या धुळीत दिसत नव्हतं. वडिलांनी दीक्षा घेतली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गावात आम्हाला नवा धर्म मिळाला होता, पण विहीर जुनीच होती. इथे एका नळावर सगळे उभे. मला पहिल्या आठवड्यातच वाटलं, आता इथून परत जायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी कामाला लागले. बांधकामावर ओझी वाहणाऱ्या बाईला तिकडे रेजा म्हणतात. एका ठेकेदाराकडे आम्ही पन्नास-साठ रेजा होतो. खाली मिक्सर फिरायचा, त्यातून सिमेंट, वाळू, गिट्टीचा कालवलेला माल निघायचा, तो घमेल्यात घ्यायचा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि फळ्यांच्या तिरक्या चढावरून वर जाऊन सळ्यांच्या जाळीत ओतायचा. चढावर मागेपुढे बाया असल्यामुळे थांबता येत नसे. एक थांबली की सगळी रांग थांबली. पहिल्या दिवशी माझी मान गेली, दुसऱ्या दिवशी पाठ. तिसऱ्या दिवशी माझ्या पुढे चालणाऱ्या बाईनं माझी चुंबळ सोडून पुन्हा वळून दिली आणि सांगितलं, पायाकडे नको पाहू, माझ्या पाठीकडे पाहा.

तिला सगळ्या जणी दाई म्हणत. छत्तीसगढी बोलीत दाई म्हणजे आई. पन्नाशीची, काटक, हातांवर गोंदणाच्या निळ्या रांगा. तिच्या गावाची जमीन कारखान्यात गेली होती. मोबदला मिळाला होता, तो भावकीत वाटला गेला आणि संपला. आता ती त्याच जमिनीवर घमेलं वाहत होती. मला ती नोनी म्हणायची, म्हणजे पोरी.

माझ्या मागे असायची ती तेलुगू बाई. तिला मी अक्का म्हणे. तिचं नऊ-दहा महिन्यांचं मूल होतं. ती आणि तिचा नवरा धरणांवर, कालव्यांवर काम करत करत इथवर आले होते. तिला हिंदी मोडकं यायचं, मला तेलुगू अजिबात नाही, पण चढावर बोलायला लागतं तरी काय? ‘चल’, ‘हळू’, ‘सरक’. एवढ्यात आमची मैत्री झाली.

शनिवारी हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, वाटायचे. मुकादम टेबल टाकून बसे, नाव पुकारी, बाई अंगठा देई आणि पैसे घेई. मी चौथीपर्यंत शिकलेली. वडिलांचा हट्ट होता, मुलगी असली तरी शाळेत जाईल. म्हणून मी अंगठा न देता सही केली. सही करताना मला वरची ओळ दिसली. तिथे मिक्सरमध्ये घमेल्यानं गिट्टी ओतणाऱ्या एका कुलीचं, म्हणजे पुरुष मजुराचं, नाव होतं आणि त्याचा दर माझ्यापेक्षा चार आण्यांनी जास्त होता.

“मुकादमजी, हा दर वेगळा कावून आहे?” मी विचारलं.

“रेजाचा रेट वेगळा असतो.”

“पण कावून?”

“असतो,” तो म्हणाला आणि त्यानं पुढचं नाव पुकारलं.

मी पैसे घेऊन बाजूला झाले. चार आण्यांसाठी नोकरी घालवायची माझी तयारी नव्हती. मनात मात्र ते राहिलं. आमच्या गावचा तो छाट काढणारा माणूस मला कितीतरी दिवसांनी आठवला, आणि पहिल्यांदाच त्याचा राग आला.

हिवाळा लागला. धानाची कापणी संपली, तशी खेड्यापाड्यांतून माणसं कामाच्या शोधात येऊ लागली. पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजारापाशी सकाळी मजुरांचा नाका भरे. बाया, पुरुष, गाठोडी, भांडी. माणसं वाढली तसा मुकादमाचा आवाजही वाढला. “नसेल जमत तर जा. तुझ्या जागी दहा उभ्या आहेत,” हे तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा. आणि ते खोटं नव्हतं, म्हणूनच आम्हाला भीती वाटायची.

अशातच तो ट्रकचा प्रकार घडला. कामावर सावली नव्हती. लेकुरवाळ्या बाया जिथे सावली दिसेल तिथे पोरं ठेवत. अक्कानं उभ्या असलेल्या एका ट्रकच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, जुन्या लुगड्याची झोळी बांधून मूल निजवलं होतं. ड्रायव्हर चहा पिऊन आला, त्याला काय माहीत. त्यानं इंजिन सुरू केलं.

अक्का तेव्हा चढाच्या वरच्या टोकाला होती. तिनं घमेलं टाकलं आणि आमच्यामधून वाट काढत खाली धावली. मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही, शब्द नव्हतेच. दाई खाली मिक्सरपाशी माल भरून घेत होती. ती ट्रकच्या समोर जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिली. ट्रक तिच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबला. अक्कानं खाली वाकून झोळी सोडली. मूल झोपलेलंच होतं.

ड्रायव्हर बिचारा खाली उतरून मटकन बसला. आणि मुकादम वही घेऊन आला. रांग सोडली आणि माल वाया घालवला, म्हणून त्यानं अक्काला अर्ध्या दिवसाचा खाडा लावला.

संध्याकाळी मरोद्याच्या तलावावर आम्ही अंग धुवायला जमलो. अक्का मूल पाठीला बांधून कपडे आपटत होती. मग मीच बोलायला लागले आणि बोलत सुटले. पुढच्या आठवड्यात मोठ्या पायाची ढलाई आहे, म्हणजे काँक्रीट ओतायचं आहे, हे मला ठाऊक होतं. कारखान्याकडचे एक तरुण इंजिनिअर मुकादमाला हिंदीत समजावत होते, ते मी चढावरून ऐकलं होतं. ढलाई एकदा सुरू झाली की पाया पूर्ण होईपर्यंत थांबायला नको. मध्ये थांबली तर आधीचा माल घट्ट होतो, नंतरचा त्याच्याशी एकजीव होत नाही, आणि पायात सांधा राहतो.

“तेवाच बसाचं,” मी म्हणाले. “अर्धा पाया झाला की घमेली खाली ठेवाची. मग कसे नाही देत पाहू.”

बायांचे डोळे चमकले. मला माझीच हुशारी इतकी आवडली, की मी उभी राहिले. तेवढ्यात दाई म्हणाली, “नहीं.”

सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती. तिच्या बोलीत ती जे म्हणाली ते असं होतं. नोनी, जिथे हा पाया होणार तिथे माझं धान उभं राहायचं. मी ते दिलं. आता तिथे जे उभं राहील त्यात भेग पडलेली मला चालणार नाही. बसायचं तर काम सुरू व्हायच्या आधी बसू. समोर सांगून बसू.

“आधी बसलो तर ते दुसऱ्या बाया आणतीन,” मी म्हणाले.

“मग त्या दुसऱ्या बायांशी बोलू,” दाई म्हणाली.

मला तेव्हा तिचं पटलं नव्हतं. पण तिच्यासमोर वाद घालायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. तो पाया कोणाचा आहे, हा विचार मी केलाच नव्हता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो युनियनचा सभासद होता. दर महिन्याला सभेला जायचा, आल्यावर मला भाषणं ऐकवायचा. मजुरांची एकजूट, कामाचे तास, सगळं त्याला तोंडपाठ.

“तुमच्या युनियनले आमचं सांगा न,” मी म्हणाले.

“तुमी ठेकेदाराच्या बाया. तुमचं नाव कुठंच नाही. युनियन काय करीन?”

“नाव नाही म्हणून तर सांगून राहिली.”

त्यानं भाकरी मोडली. “पावर हाउसले जाऊन पाह्य एकदा,” तो म्हणाला. “रोज सकाळी किती लोक उभे रायतात. तुमी बसल्या का त्याइले घेऊन येतीन. मंग तुले कोण काम देईन?”

तरी दुसऱ्या दिवशी तो मला युनियनच्या सेक्रेटरींकडे घेऊन गेला. चष्मा लावलेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. आयुष्यात मला कोणी कचेरीत खुर्ची दिलेली ती पहिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण कंत्राटी कामगारांचा प्रश्न वरच्या पातळीवर मांडायचा आहे, थोडं थांबा. बाहेर आल्यावर नवरा माझ्याकडे बघत नव्हता. खुर्चीची गोष्ट मात्र मी सगळ्या बायांना सांगितली.

सुटीच्या दिवशी सकाळी दाई, मी आणि अक्का पावर हाउसला गेलो. थंडी होती. माणसं गोवऱ्यांच्या शेकोट्या करून बसली होती. एका बाजूला बायाच बाया. सारंगढकडच्या, ओडिशाकडच्या, बालाघाटकडच्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या तोडक्या हिंदीत सांगू लागले, की अमक्या दिवशी मुकादम ट्रक घेऊन तुम्हाला न्यायला येईल. आम्ही बसलेल्या असू. तुम्ही या, पण घमेलं उचलू नका. आमचा दर वाढला तर उद्या तुमचाही तोच असेल.

एक बाई म्हणाली, “तुमचं ठीक आहे. तुम्ही काल जेवलात. आम्ही तीन दिवस इथे उभ्या आहोत.”

मी दाईकडे पाहिलं. दाई खाली बसली, त्या बाईच्या शेकोटीवर हात धरले आणि विचारलं, “छेरछेरा कब हे, जानथस?”

छत्तीसगढात पौषी पुनवेला छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, लोक दारोदार जाऊन मागतात, आणि त्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही. श्रीमंतही मागतो, गरीबही देतो. ती पुनव तीन दिवसांवर होती. दाई म्हणाली, मी आणि माझ्या गावच्या बाया या वर्षी तुमच्यासाठी मागू. बसाल तितके दिवस भात मिळेल.

आणि खरंच तिनं मागितलं. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दाईच्या गावाहून बैलगाडी आली, तिच्यात धानाच्या दोन गोण्या होत्या. रात्र व्हायच्या आत आम्ही उखळांवर कांडायला बसलो. अक्का कांडताना हसत होती. ट्रकच्या दिवसानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

ढलाईचा दिवस उजाडला. मला आदल्या दिवसापासून भूक नव्हती. कामावर गेलो तर सगळी तयारी झालेली. सळ्यांची जाळी, फळ्यांचे साचे, सिमेंटच्या पोत्यांची भिंत. मिक्सर घरघरत होता. आम्ही नेहमीसारख्या घमेली घेतल्या, मिक्सरपर्यंत गेलो, घमेली पालथी घातली आणि त्यांच्यावर बसलो. पन्नास-साठ बाया एका झटक्यात. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पत्र्यांचा एकच खणखणाट, आणि मग काहीच नाही.

मुकादम आधी हसला. मग ओरडला. मग त्यानं अक्काला म्हटलं, तुझा खाडा काढतो, ऊठ. अक्का हलली नाही. मग तो ट्रकात बसला आणि गेला.

तो तास फार मोठा होता. मिक्सर चालवणारा पंजाबी माणूस आमच्याकडे पाहत होता आणि मिक्सर रिकामाच फिरवत होता. दाई तंबाखू मळत होती. दूरवर धूळ दिसली, ट्रक आला आणि त्यात उभ्या असलेल्या तीसेक बाया उतरल्या. नाक्यावर आम्हाला उलट बोललेली ती बाईही त्यांत होती.

त्यांच्यापैकी पुष्कळशा जणी उतरून तशाच उभ्या राहिल्या. मुकादम म्हणाला, उचला. एक जण आमच्याकडे आली आणि दाईच्या शेजारी मुरमावर बसली. मग दुसरी. मग एकदम दहा-बारा. मला उठून त्यांना मिठ्या माराव्याशा वाटत होत्या, पण उठायचं नाही असं ठरलेलं होतं.

मुकादमानं मिक्सरमध्ये माल टाकायला लावला आणि चार जणींनी मात्र घमेली उचलली. नवख्या होत्या, फळ्यांवर पाय ठरत नव्हते. तिघींनी एक-दोन खेपा केल्या आणि खाली येऊन घमेली ठेवली. चौथी, ती नाक्यावरची बाई, थांबली नाही. एकटी माल भरून घ्यायची, एकटी चढ चढायची, ओतायची, परत यायची. तिचा नवरा आजारी पडून होता, हे नंतर कळलं. आमच्यातली एक तिला शिवी देणार होती, दाईनं तिचा हात दाबला. “करू दे तिला,” ती म्हणाली. सगळे जण, आम्ही, मुकादम, मिक्सरवाले, त्या एकट्या बाईच्या खेपा बघत होतो. साठ जणींनी भरायचा पाया, आणि त्यात ती एकेक घमेलं ओतत होती.

इंजिनिअर आले, त्यांनी हे पाहिलं आणि स्वतः पुढे होऊन तिच्या हातातलं घमेलं घेतलं. म्हणाले, “बस, बाई. अशी ढलाई होत नाही.” मग त्यांनी मिक्सरवाल्याला हात केला. त्यानं इंजिन बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली, की लांबच्या क्रेनच्या साखळ्या ऐकू येऊ लागल्या.

पाठोपाठ कारखाना उभारायला आलेल्या रशियन तज्ज्ञांपैकी दोघं आली, एक पुरुष आणि एक थोराड बाई, डोक्यावर गवती टोप्या, आणि त्यांच्याबरोबर दुभाष्या पोरगेला माणूस. काम का थांबलं, ते विचारत होते. दुभाष्यानं सांगायला सुरुवात केली. चार आणे म्हणजे काय, हे रशियनमध्ये सांगताना त्याची तारांबळ उडाली. रशियन बाईनं ते ऐकून मिक्सरपाशी भरून ठेवलेलं एक घमेलं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, छातीपर्यंत आणलं, खाली ठेवलं आणि काहीतरी बोलली. दुभाष्या म्हणाला, “जड आहे म्हणतात.” ती त्याहून बरंच जास्त बोलली होती.

ठेकेदार जीपमधून आला. त्यानं इंजिनिअरांना सांगितलं, साहेब, सगळीकडे हाच रिवाज आहे. मर्द जास्त उचलतो, म्हणून जास्त घेतो.

मी उभी राहिले. लुगड्याचा ओचा मुठीत घट्ट धरला. म्हणाले, “साहेब, घमेलं एकच आहे. बायांचं लहान आणि मर्दांचं मोठं असं नाही. आम्ही अर्धं भरलेलं घमेलं वर नेलं तर मुकादम वापस पाठवतो.”

इंजिनिअर मुकादमाकडे वळले. “खरं आहे?”

मुकादम वहीत पाहू लागला. मिक्सरवाला पंजाबी वरूनच म्हणाला, “सच कहती है, साहब.”

तेवढ्यात धापा टाकत माझा नवरा आला आणि त्याच्यामागे सेक्रेटरी, चष्मा हातात धरून. थांबा म्हणणारे ते हेच. मला हसू येत होतं. पण त्या माणसाची किंमत मला पुढच्या अर्ध्या तासात कळली. मी एकटी असते तर ठेकेदाराच्या ‘बघतो, करतो’वर उठले असते. सेक्रेटरी म्हणाले, तोंडी नको, कागदावर. कागद तयार झाला, त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्ही वाचून दाखवा, बाया तुमच्या आहेत. मी मोठ्यानं वाचला. आमच्या दरातली अर्धी तफावत या आठवड्यापासून भरून देणार, उरलेल्या अर्ध्याचा निर्णय पुढे. अक्काचा खाडा रद्द. पिण्याच्या पाण्याचा ड्रम. आलेल्या नव्या बायांना त्याच दरानं काम.

“यात पोरायच्या छपराचं नाही,” मी म्हणाले.

इंजिनिअरांनी स्वतःच्या पेनानं खाली ओळ लिहिली. छप्पर, आणि पोरं सांभाळायला एक रेजा पूर्ण मजुरीवर. मी सही केली, दाईनं अंगठा दिला.

अर्धंच मिळालं होतं. पण आम्ही उठलो तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं असतं, की हे अर्धं आहे, तर आम्ही ऐकलं नसतं. मिक्सर सुरू झाला आणि आम्ही धावत सुटलो. उशीर झालेला भरून काढायचा होता. जुन्या आणि नव्या मिळून ऐंशीच्या वर बाया, दोन चढांवर दोन रांगा. छत्तीसगढी बायांनी ददरियाचं गाणं धरलं, एक रांग विचारायची, दुसरी उत्तर द्यायची. ती नाक्यावरची बाई माझ्या पुढे होती. तिच्या पाठीकडे पाहत मी चढत होते. रशियन बाई किती तरी वेळ उभी राहून बघत होती. ऊन उतरेपर्यंत आम्ही थांबलो नाही, आणि संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या बायांच्या हातात घमेली दिली तेव्हा पाया अर्ध्याच्या वर आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुरा झाला, न थांबता.

घरी जाताना नवरा म्हणाला, “तू त्या ठेकेदारासमोर बोलून राहिली होती, तेवा मले वाटे, आता ही थांबन, आता थांबन.”

“मंग?”

“थांबलीच नाही तू.” आणि तो हसला. त्यानंतर त्यानं मला भाषणं ऐकवणं बंद केलं. सभेला जाताना मलाच घेऊन जाऊ लागला.

उरलेला अर्धा दर मला ठेकेदाराकडे असेपर्यंत मिळाला नाही. त्यासाठी आम्ही दोनदा अर्ज केले. पण युनियननं कंत्राटी बायांना सभासद करून घेतलं, आणि पहिल्या दिवशी अर्ज भरायला आमची रांग कचेरीच्या बाहेर रस्त्यापर्यंत गेली. फॉर्मावर ‘धंदा’ या रकान्यात काय लिहायचं, असं सेक्रेटरींनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी ‘रेजा’ लिहायला सांगितलं.

एक-दोन वर्षांनी पाये संपले. वर भट्ट्या उभ्या राहिल्या, त्यांतून धूर निघायला लागला, आणि खाली छाटणीच्या याद्या लागल्या. बांधणारी माणसं जास्त होती, चालवायला तेवढी लागत नव्हती. आम्ही कचेरीवर मोर्चे नेले, ज्यांनी बांधलं त्यांना आत घ्या, असं म्हणालो. पुष्कळ पुरुषांना घेतलं, माझ्या नवऱ्यालाही घेतलं. बायांपैकी थोड्यांना. अक्का आणि तिचा नवरा दुसऱ्या कुठल्या तरी धरणावर निघून गेले. मूल तेव्हा पळायला लागलं होतं, तेलुगू आणि छत्तीसगढी दोन्ही बोलायचं. दाईचा अर्ज मी लिहिला, जमीन गेलेल्यांत तिचं नाव लागलं, आणि तिला बागेच्या खात्यात घेतलं. नव्या सेक्टरांच्या रस्त्यांवर ती झाडं लावत फिरायची.

मला आगविटांच्या गोदामात काम मिळालं. भट्टीच्या आतून लावायच्या त्या विटा, जपून उतरवायच्या, जपून रचायच्या, एकीचाही कोपरा उडायला नको. तिथे आम्ही सहा बाया होतो आणि चौदा पुरुष. पहिल्या पगाराच्या दिवशी मी रांगेत होते. माझ्या पुढचा माणूस पैसे घेऊन बाजूला झाला, मी सही केली आणि वरची ओळ वाचली. त्याचा दर आणि माझा दर एकच होता. मग खिडकीतल्या बाबूनं मला दोनदा हाक मारली तरी मी तिथेच उभी होते, आणि मागचे लोक म्हणत होते, बाई, सरका आता पुढं.